कुंडवालीची मरळ

खूप जुन्या काळची गोष्ट. राजे तेव्हा गडावर राहत आणि नद्या गडाच्या पायथ्याशी. त्या दिवशी विशेष काही नव्हतं. कुंडवाली नेहमीसारखी महाराजांच्या माशांच्या कुंडात, गुडघाभर पाण्यात उभी राहून काथ्यानं दगडावरचं शेवाळ घासत होती. तेवढ्यात राजवाड्याचा हुजऱ्या पायऱ्या उतरत आला.

“कुंडवालीबाई, ऐकलंत का? येत्या पौर्णिमेला शेजारच्या राज्याची राणी येते आहे. महाराजांचा हुकूम आहे, प्रत्येक गावानं आपला सगळ्यात उमदा मासा धाडायचा. आपल्या नद्यांचं वैभव पाहुणीला या कुंडात दिसलं पाहिजे.”

“सगळ्या गावांचे मासे? या एवढ्याशा पाण्यात?”

“निवड तुम्हीच करायची आहे. पण जपून हं, बाई. पाहुणीसमोर एक जरी मासा उलटा तरंगला, तर हे काम तुमच्याकडून जाईल. तसं बोलणारे दरबारात आहेतच.”

ते आहेत, हे तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं पंचवीस वर्षं हे कुंड राखलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि महाराजांनी त्याचं काम तिला दिलं. बाईमाणसाच्या हाती कुंड आलं म्हणून लोक हसले. ती पाणी नितळ ठेवत राहिली.

कुंड होतं चार हात लांब आणि तीन हात रुंद. गडावर पाणी पखालीनं यायचं, मग मोठं कुंड कोण बांधणार? त्यात सध्या एकच मासा होता, एक मरळ. नवऱ्यानं आणली तेव्हा ती बोटाएवढी होती. तो तिला हातानं भरवायचा. आता ती हातभर लांब झाली होती, आणि कुंडवालीची चाहूल लागली की वर यायची. पूर्वी कुंडात आणखीही मासे असत. ते कुठे गेले, हे कुणी विचारलं नव्हतं. कुंडवालीनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गावोगावचे पाटील हंडे घेऊन गड चढून आले. सगळ्यात पुढे डोहगावचा पाटील, मिशीला पीळ देत. त्याच्या हंड्यात काळीभोर मरळ होती.

“बघा, कुंडवालीबाई! आमच्या डोहाची राणी!”

“राणीच आहे, पाटील. म्हणूनच इथे नको. सगळी प्रजा खाऊन बसेल.”

बाकीचे पाटील हसले. पण त्यांचीही पाळी आलीच. धबधब्याखालच्या गावानं आणलेला मासा तिनं क्षणभर पाहिला आणि म्हणाली, “हा धावत्या पाण्यातला. उभ्या पाण्यात गुदमरेल. आजच्या आज परत न्या.” दुसऱ्या एकाच्या हंड्यात बोटभर लांबीचा, अंगावर निळ्या रेघा असलेला मासा एकटाच फिरत होता.

“एकच का आणलात?”

“पन्नासांतून सगळ्यात देखणा निवडला, बाई!”

“याला भाऊबंद लागतात. एकटा राहिला तर घाबरून कोपऱ्यात बसेल आणि खंगेल. आणखी आठ आणा. देखणे नसले तरी चालतील.”

डोहगावचा पाटील मात्र धुमसत होता. त्यानं कुंडात वाकून पाहिलं.

“काय हो बाई, आमची मरळ प्रजा खाते. मग ही तुमची काय उपास करते?”

कुणी हसलं नाही. मरळ पाण्यातून वर आली होती आणि कुंडवालीच्या हाताजवळ थांबली होती.

कुंडवालीनं हात पाण्यात घातला, तिच्या पाठीवरून एकदा फिरवला. एक बोल पुरे होता. ‘महाराजांच्या कुंडाची आहे’ म्हटलं असतं, तरी पाटलांना गप्प बसावं लागलं असतं. मरळ राहिली असती. निळ्या रेघांचे मासे एकेक करून नाहीसे झाले असते.

“नाही करत,” ती म्हणाली. “पाटील, तुमचं खरं आहे. आमच्या घरातून चूक झाली. आणली तेव्हा बोटाएवढी होती. मोठी झाल्यावर केवढी होईल, हे विचारायचं राहून गेलं. पुढे बाकीचे मासे कमी होताना दिसत होते, तेव्हा मी डोळे झाकले. नियम हिलाही तोच.”

तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी मरळ उचलली आणि हंड्यात ठेवली. डोहगावच्या पाटलानं मिशीवरचा हात काढला.

“माझ्याकडे द्या, ताई,” तो हळूच म्हणाला. “डोह मोठा आहे. दोघींना पुरेल.”

मग कुंडवालीनं आपल्या रीतीनं काम केलं. नवे मासे आठ दिवस मातीच्या वेगळ्या रांजणात ठेवले, दुखणं-खुपणं पाहिलं. त्यानंतर त्यांना मडक्यात घेऊन मडकं कुंडात तरंगतं सोडलं, थोडं थोडं कुंडाचं पाणी आत घेतलं, आणि मगच मडकं कलतं केलं. निळ्या रेघांचे नऊ मासे एकदम वळले. तळाशी वाळू चाळणारे दोन मासे होते, आणि काठाला थोडं पाणगवत. बस, एवढंच.

पौर्णिमेच्या सकाळी पाहुणी राणी कुंडाच्या काठावर बसली ती उठेचना. शेवटी तिनं विचारलं, “मासे गुण्यागोविंदानं राहतात खरे. पण तुमच्या राज्यात मोठे मासे नाहीत का?”

दरबारी चपापले. महाराजांनी कुंडवालीकडे पाहिलं.

“आहेत ना, राणीसाहेब,” कुंडवाली ताठ मानेनं म्हणाली. “मोठ्या पाण्यात आहेत.”

महाराज मोठ्यानं हसले. म्हणाले, “ही आमची कुंडवाली!” त्यांच्या आवाजात जो अभिमान होता, तो भरल्या दरबारानं ऐकला. तिच्या हातून कुंड काढून घेण्याची भाषा पुन्हा कुणी केली नाही. आणि त्या राज्यात कुणालाही मासा पाळायचा झाला, की तो आधी विचारू लागला, मोठा झाल्यावर हा केवढा होईल?

लहानथोर मंडळी, एवढंच ध्यानात ठेवा: थोड्या जागेत सर्वांनी सुखानं नांदावं असं वाटत असेल, तर जागेचा नियम आधी आपल्या लाडक्याला लावावा.

डोहगावचा पाटील दरवर्षी निरोप धाडायचा, “ताई, मरळ बघायला या.” कुंडवाली कधी गेली नाही.