चौथ्या हाताचा सोबती

फार पूर्वी एका बाटलीतल्या पाण्यात चार हातांचा कार्बन राहत असे. तीन हातांत तीन निरनिराळे सोबती, चौथ्यात ब्रोमीन. दोघांतला इलेक्ट्रॉनांचा घास ब्रोमीन आपल्याकडेच ओढी, म्हणून कार्बन सतत कुरकुरे. त्या पाण्यात त्याच्या नेमक्या आकाराची एक खोबण होती, तिथे तो रोज जाऊन बसे.

एके दिवशी पाठीमागून हायड्रॉक्साइड आला. "माझ्याकडे इलेक्ट्रॉन भरपूर आहेत. त्याला सोड, मला धर."

कार्बनने त्याला धरलं. समोरचा ब्रोमीन घास घेऊन निघून गेला आणि त्या हिसक्याने तिघे सोबती वाऱ्यातल्या छत्रीसारखे उलटे फिरले.

"एकच तर बदलला," म्हणत कार्बन आपल्या नेहमीच्या खोबणीत बसायला गेला. काही केल्या बसेना.

"तू आता आरशातल्यासारखा उलटा झालास. डाव्या जोड्यात उजवा पाय कसा बसेल, बाबा?" खोबण हळूच म्हणाली.

तिघांनी हात सोडला नव्हता. त्यांना विचारायचं मात्र कार्बनकडून राहून गेलं होतं.