मंगळाला हाकलणारी ठकू

निंबखोऱ्याच्या वडाला पारसुद्धा बांधलेला नव्हता, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. गावात दाजी साळ्याची थोरली लेक होती, ठकू. तिचे हात मागावर चालायचे आणि तोंड साऱ्या गावावर, असं म्हणतात.

ठकूच्या पत्रिकेत मंगळ निघाला. झालं! पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि पत्रिका उघडली की चपला पायात. मेल्यांना पोहे गिळताना मंगळ आडवा येत नव्हता, पोरगी न्यायची म्हटली की येत होता! असं करता करता ठकूचं वय उलटून गेलं. मग एका संध्याकाळी ती गावामागच्या टेकडीवर चढली. ज्यानं आपलं वाटोळं केलं, त्याचं तोंड तरी बघावं म्हणून. तिथल्या म्हाताऱ्या धनगरानं तिला एक तांबूस चांदणी दाखवली. विझत आलेल्या निखाऱ्याएवढी. एवढ्याशा ठिपक्यापायी हे सगळं? ठकूला हसू येईना की रडू येईना. तेव्हापासून मंगळ दिसेल त्या संध्याकाळी ती टेकडीवर जायची आणि त्याला पोटभर शिव्या घालायची, असं म्हणतात.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीचं, तानीचं लग्न ठरलं. मुलाला तानी पसंत, तानीला मुलगा. साखरपुड्याला पाहुणे आले आणि मुलाचा चुलता उंबऱ्याशीच थांबला. म्हणाला, हिलाही मंगळ आहे, आणि सध्या तो वक्री, उलटा चालतोय. ही घरात आली तर घराचा सत्यानाश होईल. आत तानी हुंदके द्यायला लागली. ठकूच्या मस्तकात तिडीक गेली. एका पोरीचा जन्म जाळून यांचं पोट भरलं नव्हतं?

ती बाहेर आली. पाहुण्यांनी दारात काढलेल्या चपला तिनं ओच्यात भरल्या आणि तडक टेकडीची वाट धरली. पाहुणे बोंबलत अनवाणी मागे. वर पोचेपर्यंत चांदण्या उगवल्या होत्या.

"दावा," ठकू म्हणाली, "कुठला त्यो मंगळ?"

चुलत्यानं मावळतीकडे बोट केलं.

"ती शुक्राची चांदणी. शेंबड्या पोरालाबी ठावं असतं."

दुसऱ्यानं गुरू दाखवला. तिसऱ्यानं तर पलीकडच्या डोंगरावरची धनगरांची शेकोटी दाखवली!

"वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् त्याच्या नावानं पोरींचं गळं कापता?" ठकू कडाडली. तिनं उगवतीच्या वर हात केला. "त्यो बगा, तिकडं हाय. माझ्या भनीच्या कपाळात न्हाई!"

मग ती मंगळाकडे वळली. "आन् तू रं? चुकार ढोरावानी मागं मागं काय येतुयास? हो म्होरं!"

असं म्हणतात, मंगळ जागच्या जागी थबकला. काही दिवस त्यानं पाऊल म्हणून उचललं नाही. मग जो निघाला, तो निमूट पुढच्या वाटेनं. काही शहाणे सांगतात, मंगळ दर खेपेला असाच मागे येतो, थांबतो आणि पुढे जातो, ठकूला ते बघून बघून ठाऊक झालं होतं. असेल बापडं! पण वर बघायला बाकीच्यांच्या माना काय मोडल्या होत्या?

नवरा मुलगा मात्र रोज टेकडीवर येऊन बघत होता. मंगळ पुढे सरकलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि चुलत्याला न विचारता साखरेची पुडी घेऊन दारात उभा राहिला. तानीचा संसार सोन्यासारखा झाला. ठकू बिनलग्नाचीच गेली. तिचं गेलेलं कुणी भरून दिलं नाही, आणि मला त्याचा अजून राग येतो.

आजही निंबखोऱ्यात मुलगी बघायला पाहुणे आले की आधी पोहे मिळत नाहीत. दिवेलागणीला त्यांना ठकूच्या टेकडीवर नेतात आणि मंगळ कुठला ते विचारतात. दाखवता आला नाही तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. आभाळ भरलेलं असलं किंवा मंगळ आभाळात नसला, तरीही काढायचं नाही. पाहुणे बिचारे शुक्र दाखवतात, गुरू दाखवतात, कुणी विजेच्या खांबावरचा दिवासुद्धा दाखवतो. मग बघायला आलेली मुलगीच पुढे होते, हात वर करते आणि सांगते,

"त्यो तिकडं हाय. माझ्या कपाळात न्हाई."