कारभाऱ्यांनी धरलेला हात

सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळझरी नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला नदी आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर श्रीवत्सगिरी महाराजांचा मठ. महाराज कोठून आले, कोणाचे, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. एके वर्षी ते निंबाखाली येऊन बसले आणि पुढे त्या निंबाभोवतीच मठ उभा राहिला. महाराजांचे बोलणे फार थोडे, पण ज्याच्याकडे एकदा पाहत, त्याला आपले कोणीतरी आहे असे वाटून जाई.

मठाचा सारा कारभार त्र्यंबकराव पाहत असत. माणूस मोठा शिस्तीचा. पूजा वेळेवर, नैवेद्य वेळेवर, ग्रंथांचे वाचनही दांडगे. महाराजांवर निष्ठा होतीच, पण आपल्यावाचून मठाचे पान हलत नाही अशी एक समजूत मनात घर करून बसली होती. आणि त्यांच्या डोळ्यांत सलत असे ती मठाची उत्तरेकडची ओवरी.

त्या ओवरीत रोज तिन्हीसांजेच्या आधी भागूबाई कोष्टीण गावातली लेकरे घेऊन बसे. भागूबाई विधवा. पोटची दोन्ही मुले देवीच्या साथीत गेली, तेव्हापासून ती मठात झाडलोट करी आणि कोणाशी बोलत नसे. एक दिवस महाराजांनी तिला बोलावले. म्हणाले, "भागू, आयाबाया दर्शनाला येतात, त्यांची पोरे अंगणात रडत फिरतात. आजपासून ती तू सांभाळ. त्यांना देवाचे नाव शिकव."

भागूबाई घाबरली. "म्या काय शिकवू महाराज? मले तं अक्षरबी येत नाही."

"लेकरांच्या शेजारी बसता येते ना?"

"थे येते."

"मग झाले," महाराज म्हणाले.

तेव्हापासून ती बसू लागली. हळूहळू आयांसंगे आलेली पोरेच नव्हेत, तर गावभरची पोरे ओवरीत जमू लागली. कुणब्यांची, कोळ्यांची, मांगवाड्यातली, अगदी मेंढपाळांचीसुद्धा. भागूबाई त्यांना हरिनाम म्हणायला लावी, ध्रुवाची, प्रल्हादाची गोष्ट जमेल तशी सांगे. दोघे भांडले की एकाच मुठीतले फुटाणे दोघांना खायला लावी. तिचा नेम एकच होता. कुठेही जायचे तर मोठ्याने धाकट्याचा हात धरायचा आणि नाव घेत चालायचे.

त्र्यंबकरावांना हा सगळा पोरखेळ वाटे. एकदा मठात पाहुणे बसले असताना ते सर्वांदेखत म्हणाले, "भागूबाई, तुमच्या पाठशाळेत आज कोणता अध्याय चालू आहे? नाक पुसण्याचा की गोंधळ घालण्याचा?" पाहुणे हसले. भागूबाईने मान खाली घातली आणि जवळच्या पोराचे नाक खरोखरच पदराने पुसले.

त्र्यंबकरावांची नात होती, किसनी. सहा-सात वर्षांची, आईवेगळी पोर. तिने त्या पोरांत जाऊ नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. घरी ते तिला स्वतः स्तोत्रे शिकवीत. पोर स्तोत्र म्हणे आणि डोळे मात्र ओवरीतून येणाऱ्या कलकलाटाकडे लागलेले असत.

फाल्गुन महिना होता. रंगपंचमीला महाराजांच्या पादुकांवर पळसाच्या फुलांचा रंग घालायचा, असे पोरांनी ठरवले. पळस नदीपलीकडच्या माळावर. पाणी पोटरीएवढेही नव्हते, म्हणून भागूबाई दुपारी त्यांना घेऊन गेली. डोंगराकडे आभाळ काळे झाले होते, पण गावावर लख्ख ऊन होते. तिला काही शंका आली नाही.

इकडे त्र्यंबकरावांनी हीच संधी साधली. महाराज निंबाखाली एकटे बसले होते. त्र्यंबकराव समोर बसले आणि कितीतरी दिवस मनात साचलेले बोलू लागले.

"महाराज, मठ म्हटला की काही मर्यादा हवी. त्या बाईला ना श्लोक येत, ना अर्थ कळत. चांगल्या घरची मुले वेगळी बसवावीत, मी त्यांना शिकवीन. बाकीच्यांसाठी गावात चावडी आहे. ओवरी मोकळी करायला आपण आज्ञा द्यावी."

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतले. काही उत्तर द्यायला ओठ उघडले, आणि मध्येच त्यांची मुद्रा पालटली.

"त्र्यंबकराव, हात द्या."

"काय झाले महाराज?"

"आधी हात द्या."

त्र्यंबकरावांनी हात पुढे केला. महाराजांनी डाव्या हाताने त्यांचे मनगट धरले आणि उजवा हात समोर रिकाम्या जागेत लांब केला. डोळे मिटले. दुसऱ्याच क्षणी त्र्यंबकरावांना असा हिसका बसला की ते बसल्या जागेवरून पुढे घसरले. जणू महाराजांना कोणी ओढून नेत होते आणि महाराजांबरोबर त्यांनाही. महाराजांना फेफरे आले असावे, असे त्यांना वाटले. ते शिष्यांना हाक मारणार तोच महाराज म्हणाले, "कोणाला बोलावू नका. धरून ठेवा."

ओढ वाढतच गेली. त्र्यंबकरावांनीही महाराजांचे मनगट मुठीत आवळले, दोन्ही पाय निंबाच्या पाराच्या दगडाला लावले आणि अंग मागे टाकले. खांदा निखळतो की काय, असे झाले. महाराजांचा हात बर्फासारखा गार पडत चालला होता. त्र्यंबकरावांच्या मनात आले, हे काय चालले आहे? आपण कशासाठी हे सोसतो आहोत?

महाराजांनी डोळे न उघडता म्हटले, "सुटत असेल तर सोडा, त्र्यंबकराव. मी रागावणार नाही. पण आधी सांगा आणि मग सोडा."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचे कारण विचारणाऱ्या त्या माणसाने त्या वेळी कारण विचारले नाही. "नाही सोडत," एवढेच ते म्हणाले आणि दात आवळून बसून राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी ओढ थांबली. महाराजांनी डोळे उघडले. त्यांच्या कफनीच्या उजव्या बाहीतून गढूळ पाणी निथळत होते आणि पाराचा कोरडा दगड भिजत होता.

"आता नदीवर जा," महाराज म्हणाले.

नदीकडून आरडाओरड ऐकू येतच होती. त्र्यंबकराव धावत सुटले. काठावर येऊन पाहतात तो उथळ नदीत दोन्ही थड्या भरून तांबडे पाणी चालले होते. वर डोंगरात गारांचा मोठा पाऊस झाला होता. अलीकडच्या काठावर चिखलाने माखलेली पोरे एकमेकांना बिलगून उभी होती आणि भागूबाई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून देवाचे नाव घेत होती. तिच्या कडेवर किसनी होती.

त्र्यंबकराव चिखल तुडवीत तिच्याकडे धावले.

"कारभारी, पोर चोरून आमच्या मागं आली व्हती," भागूबाई रडत म्हणाली. "मले दिसलीच नाही. परत येताना मधात व्हतो आणि वरून लोंढा आला. म्या पुढं होऊन काठावरच्या करंजाची मुळी धरली, पोरायनं एकमेकाचे हात धरले. एकेक वढून घेतलं. सगळ्यात मागं हे व्हती. हिचा हात सुटला. म्या डोळ्यानं पाह्यलं, वाहून चालली व्हती. आणि मंग पाण्यातच थांबली. थांबली आणि उलटी काठाकडं आली. कशी आली मले सांगता येत नाही."

त्र्यंबकरावांनी नातीला जवळ घेतले. पोर हुडहुडत होती, पण रडत नव्हती.

"आबाजी, महाराजांनी माझा हात धरला," ती म्हणाली. "आणि महाराजांचा हात तुम्ही धरला होता."

"मी? मी तर मठात होतो, बाळ."

"नाही. तुम्ही महाराजांच्या मागे होता. दगडाला पाय लावून बसला होता. तुमचे तोंड लाल लाल झाले होते."

त्र्यंबकरावांनी आपल्या मनगटाकडे पाहिले. महाराजांच्या बोटांचे वळ त्यावर उमटले होते. ते तिथेच चिखलात मटकन बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

सगळे मठात आले. भागूबाईने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले ते उचलेचना. "महाराज, लेकरं माझ्या हातून मरता मरता वाचली. आभाळ पाहून मले उमजाया पाहिजे व्हतं. हे काम माझ्यानं होणार नाही. उद्यापासून म्या झाडलोटच करीन."

महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "त्र्यंबकराव, तुम्हीही मघाशी हेच सांगत होता. ओवरी मोकळी करावी म्हणत होता. आता बोला, काय करावे?"

 त्र्यंबकराव म्हणाले, "महाराज, आपण समर्थ आहात. पोरीला एकट्यानेही काढले असते. मग माझ्यासारख्याचा हात का मागितला?"

"काढले असते," महाराज म्हणाले. "पण आजवर तुम्ही त्या पोरांना काठावरून पाहत आलात. म्हटले, एकदा त्यांच्या ओळीत येऊ द्यावे."

त्र्यंबकराव उठले. महाराजांना दंडवत घालतील असे लोकांना वाटले, पण ते वळले आणि भागूबाईपुढे गुडघे टेकून त्यांनी तिच्या पायांवर मस्तक ठेवले. ती संकोचाने मागे सरली. "अवो कारभारी, हे काय करता? चूक माझी हाय."

"चूक झाली असेल, माय. पण त्या पुरात एकाही लेकराने दुसऱ्याचा हात आपणहून सोडला नाही. माझ्या घरी पोर स्तोत्रे शिकली, हे नाही शिकली. ओवरी तुमची आहे. किसनीला तुमच्याजवळ बसवा, आणि जागा असेल तर मलाही."

महाराज हसले. त्या सायंकाळी त्र्यंबकराव ओवरीत जमिनीवर मांडी घालून बसले. दमलेली पोरे नाम घेता घेता पेंगू लागली. मेंढपाळाची एक चिमुरडी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपून गेली. आरतीची घंटा वाजली, सगळे उभे राहिले. आयुष्यात एकही आरती न चुकवलेले त्र्यंबकराव मात्र तिची झोप मोडू नये म्हणून तसेच बसून राहिले, आणि बसल्या बसल्याच त्यांनी गाभाऱ्याकडे पाहून मान लववली.

अशी ही श्रीवत्सगिरी महाराजांची करुणा. ऐकणाऱ्यांचे माथेही तिच्यापुढे असेच नम्र होवोत.