ठकूबाईचा कुकारा

ऐका हो मंडळी, ही ढवळधारची गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. तेव्हा घाटमाथ्यावरच्या या गावाला ना सडक होती, ना गाडीवाट. कड्याच्या अंगाने चढणारी एक पायवाट तेवढी होती. आणि धबधबे होते. श्रावण-भादव्यात जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या धारा. त्यांचा घोष एवढा, की ढवळधारची माणसं पावसाळाभर हातवारे करूनच बोलायची, असं म्हणतात.

अशा गावात खालच्या कोकणातून ठकू सून म्हणून आली. बघायला आले तेव्हा पोर मान खाली घालून गप्प बसली होती. सासरच्यांना वाटलं, मुलगी मोठी शांत! लग्नानंतर पहिल्याच सकाळी ठकूने अंगणातून गाईला हाक मारली. गाय आली. पाठोपाठ शेजारच्यांच्या गाई आल्या. मग पलीकडच्या वाडीची गुरंही दावी तोडून दारात हजर झाली.

सासूचं नाव कोंडाई. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, हळू! आपल्या घराला गवताचं छप्पर आहे. उडेल ना!"

गाव हसलं. ठकूही हसली, पण आतून खट्टू झाली. त्या दिवसापासून ती कुजबुजल्यासारखी बोलू लागली. पाणवठ्यावर बायका गाणी म्हणायच्या, तेव्हा ही नुसते ओठ हलवायची.

पुढच्या वर्षी भादव्यात गौरी यायचा दिवस उजाडला. गौरीला ढवळधारच्या साऱ्या लेकी माहेरी यायच्या. खालून घाट चढत, कडेवर मुलं घेऊन. कोंडाईची लेक येसूही यायची होती, पहिलं बाळ घेऊन.

दुपार कलली आणि धुकं उतरलं. असं दाट, की आपलाच हात आपल्याला दिसेना. लेकी काही पोचल्या नाहीत. पायवाट कड्याच्या कडेने जाणारी, एक पाऊल चुकलं की खाली दरी. खाली उतरून शोधणाऱ्याला तरी पाय कुठे ठेवावा ते कसं कळणार? बाप्यांनी ढोल बडवले, शिंग फुंकलं. धबधब्यांनी सगळा आवाज गिळून टाकला.

कोंडाई धावत घरी आली. ठकू चुलीपाशी बसली होती. कोंडाईने तिचा हात धरला.

"पोरी, ओरड. तुला येईल तेवढं मोठ्याने ओरड."

"आत्याबाई, छप्पर..."

"उडू दे! परत शाकारू."

दोघी मोठ्या धारेच्या काठावरच्या खडकावर गेल्या. ठकूने कुकारा घातला, पण वर्षभर दबलेला आवाज, तो फाटला. तिने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पुन्हा हाळी दिली, "कूऽऽऽ! येसूऽऽऽ!"

असं म्हणतात, की त्या हाकेने धारही दचकली. दरीतून वारा उसळला, पडणारं पाणी वरच्या वर उचललं गेलं, आणि क्षणभर सगळा डोंगर गप्प झाला. त्या शांततेत खालून बारीकसा आवाज आला, "वहिनीऽऽ! आम्ही इथे आहोऽऽत!"

येसू सापडली, पण बाकीच्या? ठकू गावात नवी, तिला कुणाकुणाची नावं ठाऊक असणार? मग गावातल्या आया खडकावर गोळा झाल्या. एकेकीने तिच्या कानात आपल्या लेकीचं नाव सांगायचं आणि ठकूने ते दरीत सोडायचं. गोदी! मंजुळा! सखू! ज्या लेकीने आपलं नाव ऐकलं, ती त्या रोखाने पाऊल टाकत गेली. धुक्यातून एकेक लुगडं दिसू लागलं. येसू आली, तिचं बाळ तर एवढ्या गोंगाटात गाढ झोपलेलं. कोंडाईने आधी सुनेला पोटाशी धरलं, मग लेकीला. गाव ते बघतच राहिलं.

सगळ्या लेकी आल्या, असं वाटलं तोच धुक्यातून आणखी एक माणूस डोक्यावर पेटारा घेऊन बाहेर पडला. बांगड्या विकणारा कासार होता तो, वाट चुकलेला.

"माझं नाव कुणी घेतलं नाही," तो धापा टाकत म्हणाला, "पण एवढं प्रेमाने बोलावणं चाललं होतं, म्हटलं आपणही जावं!"

गाव पोट धरधरून हसलं. त्या रात्री कासाराने ठकूच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. ठकूचा घसा पार बसला होता. कोंडाईने आलं-गुळाचा काढा करून तिला स्वतःच्या हाताने पाजला, आणि घसा सुटल्यावर पाणवठ्यावरच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायचा मान कायमचा तिला दिला.

ठकूबाई खूप जगली. म्हातारपणीही तिची हाक कोकणात ऐकू जायची, आणि खालचे लोक ती सांजेची हाक ऐकून दिवेलागण करायचे, असं म्हणतात. खरंखोटं तो डोंगर जाणे. पण वारा चढला की ढवळधारची मोठी धार आजही उलटी वर जाते. जाणती माणसं म्हणतात, ठकूबाई हाक मारतेय, पाण्याला ऐकायचंय.

आता गावाला सडक झाली. धबधबे बघायला लांबलांबून माणसं येतात. पण गौरी यायच्या दिवशी गावातल्या बायका अजून त्या खडकावर उभ्या राहतात आणि माहेरी येणाऱ्या प्रत्येक लेकीचं नाव घेऊन कुकारा घालतात. त्या दिवशी तुम्ही तिथे असलात, तर कुणीतरी आजी जवळ येऊन तुमचं नाव विचारेल. लाजू नका, सांगा. ती ते दरीत सोडेल. मग गौरीच्या जेवणाला तुमचंही पान मांडलेलं असेल.