एक सडतो, शेजारचा का नाही?

“एकाच वाफ्यातले, एकाच दिवशी उपटलेले कांदे. एक सडतो, मग त्याला टेकलेला दुसरा का सडत नाही?” असं भिवसनदादा गावात सगळ्यांना विचारायचा.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, असं आता गावात म्हणतात. मला ती कालची वाटते. तो माझा थोरला भाऊ.

तेव्हा आमचा कांदा पोळ्यापर्यंतही टिकत नव्हता. कांदा साठवायच्या चाळीतून काळं पाणी गळायचं. तरी दरसाल चांगला कांदा बाजारात जायचा आणि मोड आलेला, कोणी घेत नाही असा, बियाण्याला लावायचे. दादानं उलट केलं. सगळी चाळ सडली की त्यात जे थोडे घट्ट राहिलेले असत, ते तो उपरण्यात बांधून आणायचा. अंगठ्यानं त्यांची मान दाबायचा, मग कानाशी धरायचा. कांदा त्याच्याशी बोलायचा, असं म्हणतात.

“काय म्हणतोय रे कांदा?” गावातले सुकदेवआबा विचारायचे.

“मला खाऊ नका म्हणतोय, आबा.”

“मग भाकरीशी काय खाशील, त्याचा सल्ला?”

दादा हसायचा. मधमाश्यांनी दुसऱ्या कांद्याचे पराग आणून मिसळू नयेत, म्हणून ते कांदे तो डोंगरापल्याड लावायचा. त्यांचं बी पेरायचा, पुन्हा निवडायचा. हळूहळू चाळी दिवाळीपर्यंत कोरड्या राहू लागल्या. माश्या त्याचं ऐकायच्या, बांधावरून माघारी फिरायच्या, असं म्हणतात. मी पाहिलं नाही. पण नाही असंही म्हणवत नाही.

शेवटच्या साली कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांत काळं बी भरलं आणि गारा आल्या. दादा गोंड्यांवर घोंगडी धरून उभा राहिला. त्याला बघून गारांचं पाणी झालं, असं म्हणतात. मग त्याची पाठ काळीनिळी कशी झाली? मी विचारलं की लोक खाली बघतात. मीही त्याच आईचा, त्याच्याच ताटात जेवलेला. तो गेला आणि मी कसा राहिलो, तेही कोणी सांगत नाही.

आजही कांद्याचं बी टाकायच्या दिवशी घराघरातून एकेक चिमूट बी आमच्या दारी येतं. “भिवसनचा वाटा,” म्हणतात आणि उंबऱ्यावर ठेवून जातात.

कारण गारांच्या मारानं ताप भरला आणि ज्यात तो गेला, त्या तापात तो अंथरुणावरून उठला होता. त्यानं बी पाखडलं आणि एकेका घराचं नाव घेत ओसरीवर ढीग मांडले. आमचं नाव घेतलं नाही. सूप रिकामं झालं, तेव्हा त्यानं ते शेवटच्या ढिगावर झटकलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.