सिल्वा नदीचे दगड

आल्प्सच्या बर्फाळ डोंगरांत रस्तेही नव्हते, तेव्हाची गोष्ट. सिल्वा नावाची नदी डोंगरावरून ढीगभर दगडगोटे घेऊन उतरायची. सपाटीवर पोचेपर्यंत ती दमायची आणि गोटे तिथेच टाकायची. तिचं पात्र भरून गेलं, पाणी कुरणांत पसरलं, गावात हिवताप शिरला.

लीझी गाय पोटापर्यंत चिखलात रुतली होती. ती म्हणाली, "सिल्वा, माझं दूध आटलं. चीज विकूनच हे गाव जगतं. आता लोक घरं सोडून निघालेत."

सिल्वाला रडू कोसळलं. "मी तरी हे दगड कुठे ठेवू गं?"

शेवटी गावकऱ्यांनी कुदळी घेतल्या आणि शेजारच्या सरोवरापर्यंत तिच्यासाठी कालवा खणला. पण म्हातारं सरोवर अडून बसलं. "माझं पाणी आरशासारखं आहे. तुझा राडा मी पोटात का घेऊ?"

"आजोबा, माझी ओंजळ उथळ आहे, तुमचं पोट खोल आहे. एक पूर सोसून बघा. नाही जमलं तर मी परत फिरेन."

सरोवराने नाइलाजाने वाट दिली. पूर आला, पाणी गढूळलं. मग हळूहळू गोटे तळाशी गेले, गाळ बसला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. दुसऱ्या टोकाने सिल्वा इतकी हलकी होऊन बाहेर पडली, की तिला हसूच आलं. कुरणं सुकली, लीझी पोटभर चरली.

पुढच्या वसंतात बर्फ वितळलं. सिल्वा दगड घेऊन आली आणि सरोवराच्या दारात संकोचून थांबली. "येऊ का, आजोबा?"

"अगं, आत ये," सरोवर म्हणालं. "घरच्या माणसाने असं दारात उभं राहून विचारायचं नसतं."