पोथीची प्रदक्षिणा

“गूळ अजून सोडलेलाच का गं, शालिनी?”

अक्कांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. नवस मीच बोलले होते. मठाच्या महाराजांनी हाताने लिहिलेली पोथी अक्का ज्या दिवशी पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी वाचतील, त्याच दिवशी गूळ तोंडात घालीन. ते जुनं अक्षर अक्कांशिवाय कोणाला लागत नसे; त्यांची नजर मंदावली आणि मठातली पोथी मुकी झाली होती.

“काकू, आज तोंड गोड होणार तुमचं!” निरंजन म्हणाला.

निरंजन अक्कांचा शिष्य, पुण्यात इंजिनिअर. पोथीच्या पानांचे फोटो काढून त्याने लॅपटॉपमध्ये घातले होते. येताना मोठा मॉनिटर घेऊन आला.

“मोठ्या पडद्यावर पोथी, लॅपटॉपवर माझं टायपिंग. अक्का वाचतील, मी उतरवून घेईन. पडदे दोन, पण पाट एकच समजा; माऊसच्या बाणाने पोथी एकावरून दुसऱ्यावर ओढता येते.”

मॉनिटर लॅपटॉपच्या डावीकडे ठेवून त्याने सगळं जुळवलं.

“तिथे समई असते,” अक्का म्हणाल्या. “ती हलायची नाही.”

“बरं, इकडे.” त्याने मॉनिटर उचलून उजवीकडे ठेवला. “काही फरक पडत नाही.”

माऊस सरकवला. बाण उजवीकडे धावला... आणि कडेला अडला.

पुन्हा. तिथेच.

मोठा पडदा उजळलेला, रिकामा.

“बिघडलंय काहीतरी,” निरंजन पुटपुटला. “आणि मला सकाळच्या गाडीने निघायचंय.”

“काय अडलं रे?”

“बाण पलीकडे जात नाही, अक्का. तुम्हाला नाही कळायचं.”

“तू कुठून नेतोस?”

“सरळ उजवीकडून. पडदा उजवीकडेच आहे ना!”

अक्का समईकडे वळल्या.

“देवासमोर उभा राहिलास, की प्रदक्षिणेला कोणीकडे वळतोस?”

“डावीकडे.”

“आणि येतोस कुठून?”

“अक्का, मशीन आहे हे! याला देवबीव कळत नाही.”

“तुला कळतो ना? मग घाल प्रदक्षिणा.”

त्याने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. बाण डावीकडे नेला. कडेला पोचला... नाहीसा झाला...

आणि उजव्या पडद्याच्या पार पलीकडच्या कडेतून उगवला!

मी टाळीच वाजवली. त्याच वाटेने पोथीही गेली. मुगाएवढं अक्षर तळहाताएवढं झालं.

अक्का पुढे झुकल्या. ओठ हलले.

“श्री... गणेशाय... नमः.”

मला रडू आवरेना. अक्कांनी नैवेद्याच्या वाटीतला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

“अरे, माझंच चुकलं!” निरंजन कपाळाला हात लावून हसत सुटला. “मॉनिटर इकडे आणला, पण सेटिंगमध्ये तो अजून समईच्याच जागेवर आहे. थांबा, सरळ करतो.”

“सकाळी कर.”

अक्कांनी त्याच्या हाताखालचा माऊस काढून घेतला. बाण डावीकडून सावकाश फिरवून आणला. मग माऊस माझ्यापुढे सरकवला.

“आता तू घाल.”